संवत्सरीच्या आत

म्हसावद, ता. शहादा
९ सप्टेंबर २०२४

चि. प्रियल,

काल संवत्सरी झाली. वर्षभरात ज्याचं मन दुखावलं त्याची क्षमा मागायचा दिवस. माझ्या महावीरच्या मोबाइलवर तुझं 'मिच्छामि दुक्कडम्' आलं. हात जोडलेली बाई, खाली गुलाबाचं फूल, आणि 'जाणते-अजाणतेपणी मन दुखावलं असेल तर क्षमस्व'. अगदी हेच चित्र सुरतेच्या कापडवाल्यानेही पाठवलं आहे. त्याने तरी माझं काही बिघडवलेलं नाही. तू 'असेल तर' कुठल्या तोंडाने म्हणतेस?

मी फोन उचलत नाही म्हणून तू महावीरकडे तक्रार केलीस. उचलणार नाही. तू माझ्या भावाची मुलगी, माझ्या मांडीवर खेळलेली. फोनवर तू रडतेस आणि मी विरघळते. कागदावर रडणं ऐकू येत नाही, म्हणून पत्र.

त्या संध्याकाळी काय झालं ते तुला कळायला हवं. तू लिहिलेली 'सातपुड्याची सून' मालिका सुरू होणार म्हणून मी दुकानाच्या ओट्यावर टीव्ही लावला. तुझे फुफासा चांदमलजी, ज्यांनी आयुष्यात बातम्यांपलीकडे काही बघितलं नाही, ते खुर्ची धरून सहापासून बसले. समोरच्या रंजनाबाई नवी साडी नेसून आल्या. आणि भुरीला मी निरोप पाठवून वरच्या पाड्यातून बोलावून घेतलं होतं. 'तुझी गोष्ट टीव्हीवर येणार' असं तिला मीच सांगितलं. तिचा मुलगा वाहरू तिला मोटरसायकलवर घेऊन आला. तिला मी सगळ्यांत पुढे बसवलं.

दोन महिने तू जाहिरात करत होतीस, की असं काही कोणी पाहिलेलं नाही. खरंच नव्हतं पाहिलं. सातपुड्यात बर्फातली झाडं. प्रकाशा गावाजवळची तापी म्हणून दाखवली तिला समुद्राच्या लाटा. सून भरजरी शालू नेसून, कानात झुमके घालून झोपते, आणि सासू 'नाही' एवढंच म्हणते तर तिचं तोंड तीन वेळा दाखवतात. रंजनाबाई म्हणाल्या, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा." मी तेही गिळलं असतं. पहिली मालिका आहे, पोर शिकेल, म्हणाले असते.

मग ती आली. कपाळावर भुरीचंच गोंदण, गळ्यात भुरीनेच तुला दिलेली मण्यांची माळ, नावसुद्धा भुरी. आणि ती डाकीण. शेठाणीच्या तान्ह्या मुलाला अंगावर पाजते आणि मूल निळं पडतं.

भुरीने माझ्याकडे वळून विचारलं, "हाई मीच शे का, सायर?" तिने हातातला चहा संपवला, कप विसळून पालथा ठेवला आणि वाहरूला म्हणाली, "माले घर जाणं शे." रात्री आमच्याकडे राहणार होती ती.

महावीर पाच आठवड्यांचा असताना मी विषमज्वराने चिंचपाड्याच्या दवाखान्यात पडले होते. पोर बाटली तोंडात धरेना. भुरी तेव्हा आमच्या गोदामात मिरच्यांचे देठ खुडायला यायची, तिचा वाहरू अंगावर पीत होता. तिने माझ्या मुलालाही पाजलं, गोदामाच्या मागे, माझ्या सासूबाईंना कळू न देता. ही गोष्ट मी जन्मात एकटीला सांगितली, तुला. तुझे डोळे भरून आले होते तेव्हा. ते पाणी कसलं होतं, आता कळलं.

डाकीण हा शब्द मुंबईत गंमत असेल. इथे वरच्या पाड्यांवर या शब्दापायी बायकांना मार खावा लागला आहे, गाव सोडावं लागलं आहे.

मला तीन गोष्टी हव्यात. तिचं नाव बदल. तिचं डाकीणपण काढ. माळ परत पाठव.

वैर एका संवत्सरीकडून दुसरीच्या पलीकडे नेऊ नये असं आपल्यात सांगतात. नेलं तर जन्मोजन्मी चिकटतं. म्हणजे माझ्या हातात अजून एक वर्ष आहे.

तुझी भुवा,
सायरबाई


मुंबई
२ ऑक्टोबर २०२४

आदरणीय भुवासा,

पगे लागणा. तुमचं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. खरं सांगते, मी भुरीबाईंना देवीसारखं लिहिलं होतं. तान्ह्याला दूध पाजणारी बाई, जिच्यामुळे एक घर उभं राहतं. पहिल्या बैठकीत सगळ्यांना आवडली. दुसऱ्या बैठकीत वाहिनीच्या बाई म्हणाल्या, यात संघर्ष कुठे आहे? तिसऱ्या बैठकीत भुरी मंत्र घालायला लागली. चौथ्या बैठकीला मला बोलावलंच नाही. नाव बदलायचं राहून गेलं, कारण तोवर कपडेपटाने फोटोवरून सगळं शिवून घेतलं होतं. माळ मी एक दिवसासाठी दिली होती. आता ती 'कंटिन्युइटी'त अडकली आहे, म्हणजे प्रत्येक भागात तीच दिसायला हवी.

तुम्ही म्हणता तो बर्फ आणि त्या लाटा सगळ्यांनाच खटकल्या. मालिकेकडून केवढ्या अपेक्षा होत्या, आणि प्रेक्षकांचे आकडे इतके खाली आहेत की रोज सकाळी ऑफिसात सुतक असतं. लोक म्हणतात, तेच स्वयंपाकघर, तीच कारस्थानं. फक्त डाकीण आली की आकडा वर जातो. म्हणून ते तिला हात लावू देत नाहीत.

पण एक मार्ग आहे. त्यांना आता तिथल्या खऱ्या चालीरीती हव्या आहेत, ज्या कोणी दाखवल्या नाहीत. टीममध्ये त्या भागातली मी एकटीच. मी दोन-तीन चांगल्या रीती दिल्या तर माझं वजन वाढेल, मग भुरीबाईंचं मी बघते. नव्या सुनेसाठी काही आहे का आपल्याकडे? मोठं, डोळ्यांत भरणारं? तुमच्याशिवाय मला कोण सांगणार.

तुमची,
प्रियल


म्हसावद
१२ नोव्हेंबर २०२४

चि. प्रियल,

दिवाळी झाली. चाळीस-पन्नास वर्षांत पहिल्यांदा भुरी दिवाळीच्या बाजाराला आली नाही. मी तिच्यासाठी लाल काठाचं लुगडं बाजूला ठेवलं होतं. वाहरू आला, मीठ-तेल घेतलं आणि ओट्याखालीच उभा राहिला. मी विचारलं तर म्हणाला, "माय आते येस नही." खूप खोदून विचारल्यावर बोलला. पाड्यातल्या पोरांच्या मोबाइलमध्ये तुझ्या मालिकेचे तुकडे फिरतात. तिला बघून मुलं पळतात. शेजाऱ्याचा बैल मेला, तर म्हाताऱ्या माणसांनी म्हटलं, भगताला विचारा, डाकीण कोण ते तो सांगेल. अजून विचारलेलं नाही. विचारतील.

हे सांगून मी तुला रडवायला बसलेली नाही. तू मार्ग म्हणालीस, तो मला पटला. तुझं वजन वाढायला हवं. मी रागावले होते, पण रक्ताचं नातं रागापेक्षा जुनं.

तर रीत सांगते. हिला मिरचीचाल म्हणतात. तू लहानपणी नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या पाहिल्या आहेस, शेतभर लाल मिरच्या वाळत घातलेल्या. जुन्या व्यापारी घरांत नवी सून आली की पहिल्या मोसमात तिला अनवाणी त्या पथारीवरून चालवायचे. डोक्यावर कलश, हातात दिवा. जी डोळ्यांतून पाणी न काढता पलीकडे जाईल तिच्या हातात घराच्या किल्ल्या. मला माझ्या सासूबाईंनी चालवलं होतं. मी गेले पार.

तुझ्या पप्पांना विचारू नकोस. त्याला बायकांच्या रीती काय ठाऊक, तो हसेल. आणि एक ध्यानात ठेव. रंगवलेली, बनावटी मिरची दिसायला नको, नाहीतर पुन्हा लाटांसारखं होईल. महावीर ट्रान्सपोर्टने चार पोती पाठवतो आहे. या वर्षीची आहे, चांगली तिखट.

तुझी भुवा,
सायरबाई


मुंबई
१९ जानेवारी २०२५

आदरणीय भुवासा,

पगे लागणा. मिरचीचाल झाली. काय सांगू तुम्हाला. वाहिनीच्या बाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, अर्थात कागदावर वाचून. 'खानदेशची हरवलेली परंपरा' म्हणून आठवडाभर जाहिरात केली. मला आता सगळ्या बैठकांना बोलावतात.

शूटिंगला मात्र हाहाकार झाला. चारही पोती पसरली. दिग्दर्शकाला पदर उडायला हवा होता, म्हणून त्यांनी मोठा पंखा लावला. तुम्हाला कळलंच असेल पुढे काय झालं. सासू ठसकत खाली बसली, कॅमेरावाला कॅमेरा सोडून पळाला, शेजारच्या फ्लोअरवर दुसऱ्या मालिकेचं लग्न चाललं होतं, तिथली वरातसुद्धा बाहेर आली. सुनेचं काम करणारी रिना चांगली मुलगी आहे, ती पडली आणि मिरचीचा हात डोळ्यांना लागला. चार दिवस पट्टी होती. तरी तिने नंतर येऊन सीन पूर्ण केला. भुवासा, तुम्ही खरंच पाणी न काढता गेलात? तुमच्या पिढीला नमस्कार.

भुरीबाईंचंही मी बोलले. तुमची मागणी पूर्ण होते आहे. डाकिणीचं पात्र संपतंय. होळीच्या विशेष भागात गावकरी तिला पेटत्या होळीत ढकलतात आणि सून टाळ्यांच्या गजरात गावात शिरते. त्यानंतर ती मालिकेत नसेल. मला वाटलं, हे कळून तुम्हाला बरं वाटेल.

आणखी एखादी रीत आठवली तर लवकर लिहा.

तुमची,
प्रियल


म्हसावद
२० फेब्रुवारी २०२५

प्रियल,

होळीत ढकलता. आणि मला बरं वाटेल असं तुला वाटलं.

सातपुड्याची माणसं वर्षभरात दुसरं काही केलं नाही तरी होळी करतात. कामाला गुजरातेत गेलेला माणूस उसने पैसे काढून होळीला घरी येतो. त्या होळीत तुम्ही भुरीचं गोंदण आणि भुरीची माळ घातलेली बाई जाळणार, आणि ते वरच्या पाड्यावर मोबाइलमध्ये बघतील. भगताला विचारायचीही गरज उरणार नाही.

तेव्हा तुमची होळी पेटायच्या आत मी माझी पेटवली.

मिरचीचाल नावाची रीत या जगात नाही. कधी नव्हती. मी मेथी निवडताना ती घरात बसून रचली. मिरचीवर पाय ठेवणाऱ्याला आमच्या गोदामात चांदमलजी बाहेर काढतात, माल खराब होतो म्हणून. हे नंदुरबार जिल्ह्यातलं शेंबडं पोरही जाणतं. जाणत नाही ती फक्त तू, इथे सुट्ट्या काढलेली, आणि तुझी वाहिनी.

तुमचा भाग लागला त्या दिवसापासून इथे हसून लोकांच्या पोटात दुखतंय. शहाद्यात एक पोरगा बायकोचा शालू नेसून चार मिरच्यांवर नाचतो आणि ओरडतो, "माय वं, मन्हा संस्कार जयी ऱ्हायनात!" संस्कार जळतात त्याचे. लाखो लोकांनी पाहिलं म्हणे. त्यांना वाटलं, वाहिनी मूर्ख आहे. परवा मी महावीरला मोबाइल धरायला लावून दुकानात बसून सगळं सांगितलं. माझं नाव, वय, गाव. ही रीत मी बनवली, वाहिनीने विचारपूस न करता परंपरा म्हणून विकली. आणि यांची डाकीणही अशीच खोटी आहे, एका चांगल्या बाईचं सोंग करून नाचवलेली. आज तीन वर्तमानपत्रवाले येऊन गेले. बाजारातली फुलवंताबाई भाजी विकता विकता लोकांना तोच व्हिडिओ दाखवते.

आणखी रीती हव्या असतील तर कळव.

सायरबाई


मुंबई
६ एप्रिल २०२५

भुवासा,

मालिका बंद झाली. होळीचा भाग चित्रित झालाच नाही. मला ज्या दिवशी काढलं त्या दिवशी शिपायाने माझ्या हातात माझ्या चपलांचा जोड आणि ही माळ दिली. सोबत पाठवते आहे. तुमची तिसरी मागणीही पूर्ण झाली.

आता या शहरात मला कोणी काम देणार नाही. माझं नाव घेतलं की लोक खोकल्याचा आवाज काढतात. हे तुम्हाला हवं होतं, झालं. पण रिनाचे डोळे चार दिवस बांधलेले होते. तिने तुमच्या भुरीचं काय वाकडं केलं होतं? पाण्यातला जीव मरू नये म्हणून तुम्ही पाणी गाळून पिता.

आणि एक विचारते, आजवर धाक म्हणून विचारलं नाही. मी भुरीबाईंना डाकीण केलं, कबूल. तुम्ही काय केलंत? पन्नास वर्षं ती तुमच्या ओट्यावर बसते. तिला कप वेगळा आहे, ती तो स्वतः विसळून पालथा ठेवते, तुम्हीच लिहिलंत. तिच्या घरी तुम्ही एकदा तरी गेलात? तिच्या हातचं पाणी प्यायलात? त्या व्हिडिओत तुम्ही जगभर बोललात, दुधाबद्दल एक शब्द नाही. महावीरभाईंना आजही माहीत नाही त्यांना कोणी पाजलं ते. सासूबाई जाऊन तीस वर्षं झाली. अजून कोणाला घाबरता?

मी खोटं दाखवलं. तुम्ही खरं लपवलंत. दोघींनी मिळून तिला तिथे नेऊन ठेवलं आहे.

उत्तर पाठवू नका.

प्रियल


म्हसावद
२८ ऑगस्ट २०२५

प्रियल,

उत्तर पाठवू नका म्हणालीस, पण आज संवत्सरी आहे आणि हिशेब आजच मिटवायचा असतो.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते फाडणार होते. चोराच्या उलट्या बोंबा, म्हटलं. दोन तुकडे केलेही. मग चिकटपट्टीने जोडलं आणि पुन्हा वाचलं. तुझ्याइतकं झोंबणारं मला आजवर कोणी लिहिलेलं नाही. मालिकेत असं काही लिहिलं असतंस तर ती चालली असती.

महावीरला समोर बसवलं आणि सांगितलं. त्याने विचारलं, "म्हणून वाहरू मला लहानपणापासून भाऊ म्हणतो?" मी म्हटलं, असेल. तो म्हणाला, "आई, जीप काढतो."

आम्ही अक्षय तृतीयेनंतर वर गेलो. दिवस मुद्दाम पाड्याची बैठक असते तो निवडला. सगळी मोठी माणसं मोहाच्या झाडाखाली होती, भगतही होता. भुरीला कोणी बोलावलं नव्हतं, ती समोरच तिच्या अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. मी सरळ तिच्या अंगणात जाऊन जमिनीवर बसले आणि तिच्याकडे पाणी मागितलं. माझ्या बहात्तर वर्षांत घराबाहेरचं पाणी मी प्यायलेली नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, उठली, आपल्या लुगड्याच्या पदराने मडक्यातलं पाणी गाळलं आणि लोटा हातात दिला. मला गाळलेलं लागतं, हे तिला ठाऊक होतं. मी सगळ्यांसमोर लोटा रिकामा केला.

मग उभी राहून बोलले, माझ्या मोडक्या अहिराणीत, वाहरूने त्यांच्या बोलीत सांगितलं. हा माझा मुलगा. हा हिच्या दुधावर जगला. पन्नाशीचा झाला, त्याला बघून घ्या, कुठे निळा पडलाय का ते दाखवा. ही डाकीण असेल तर माझं घर, दुकान, नातवंडं, सगळं डाकिणीचं आहे. आणि हिच्या केसाला धक्का लागला तर म्हसावदच्या बाजारात या पाड्याला मिठाचा खडा मिळणार नाही, बाकीच्या दुकानदारांना मी बघते.

शेवटचं वाक्य ठरवलेलं नव्हतं. तोंडातून गेलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

सगळ्यांना पटलं असं नाही. भगत मधूनच उठून गेला. पण वाहरू सांगतो, मुलं पुन्हा तिच्या अंगणात खेळायला लागली आहेत. महावीर तिच्या पाया पडला, तर तिने त्याच्या टकलावर हात फिरवला आणि म्हणाली, "मोठा व्हयना रे तू." मग तो रडला, तिथे, सगळ्यांदेखत. पोळ्याच्या बाजाराला ती आली होती. आता आत बसते, माझ्या शेजारी. कप सगळे सारखेच आहेत.

तुझी माळ मी तिला परत दिली. तिने गळ्यात घातली नाही. दिलेलं परत घेत नाहीत त्यांच्यात. "ती पोरगी बरी शे ना?" असं तिने विचारलं. तू बरी आहेस की नाही हे मला माहीत नव्हतं. मग तिने थोडा वेळ माळ हातात फिरवली आणि नेऊन बकरीच्या गळ्यात बांधली. बकरी देखणी दिसते. दुसऱ्या दिवशी तिने तीन मणी खाल्ले, असं वाहरू म्हणाला.

रिनाचा पत्ता मी वर्तमानपत्रवाल्याकडून मिळवला. तिला मी आज स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, तिच्या डोळ्यांची क्षमा नाव घेऊन मागितली. तिचं उत्तर येईल की नाही माहीत नाही. न येणंही तिचा हक्क आहे.

भुरीची क्षमा मी माघारी नाही, तोंडावर मागितली. ती म्हणाली, कसली?

आणि आज संध्याकाळी प्रतिक्रमणात बसून चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमा मागितली आणि त्यांना क्षमा केली. मुंग्या, डास, पाण्यातले न दिसणारे जीव, भुरीची बकरी. त्यात तूही कुठेतरी असशीलच. वेगळं नाव मात्र घेतलं नाही.

सायरबाई